लोकांना कळत नाही, की दवाखान्याला?

१९५०च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याला एक कोडं पडलं होतं. क्षयरोग लवकर सापडावा म्हणून छातीचा एक्स-रे काढणाऱ्या गाड्या वस्तीवस्तीत नेऊन उभ्या केल्या होत्या. पैसे पडत नव्हते, वेळही फारसा जात नव्हता, तरी लोक पुरेशा संख्येनं येत नव्हते. का येत नाहीत हे शोधायला खात्यानं मानसशास्त्रज्ञ कामाला लावले. त्यांच्यातल्या गॉडफ्रे हॉकबाम यांनी तीन शहरांतल्या बाराशेहून अधिक प्रौढांना गाठलं. ‘हा रोग मलाही होऊ शकतो’ आणि ‘लवकर कळलं तर फायदा होतो’ या दोन्ही गोष्टी ज्यांना पटलेल्या होत्या, त्यांच्यातल्या ८२ टक्क्यांनी आपणहून एक्स-रे काढून घेतला होता. दोन्हींपैकी एकही न पटलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होतं. या कामातून हॉकबाम, अर्विन रोझेनस्टॉक आणि सहकाऱ्यांचं ‘हेल्थ बिलीफ मॉडेल’ उभं राहिलं. माणूस मनातल्या मनात धोका आणि फायदा तोलतो आणि त्याप्रमाणे वागतो, असं ते सांगतं. आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या कितीतरी प्रबंधांचं दुसरं प्रकरण अजूनही त्याच्यावरच उभं असतं.

थोड्याच वर्षांनी, याच रोगाबद्दल, कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यात वेगळा प्रश्न विचारला गेला. बंगळुरूला नुकतीच राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली होती. तिथले देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी पाहणीत सापडलेल्या क्षयरुग्णांची घरं गाठली आणि त्यांना विचारलं, तुम्हाला काय होतंय आणि त्यासाठी आजवर काय केलंत? शेतकरी आणि मजूर, बहुतेक निरक्षर. अपेक्षा अशी की यांना लक्षणं कळत नसतील, अंगारे-धुपारे चालू असतील. निघालं भलतंच. जवळजवळ सगळ्यांना लक्षणांची जाणीव होती, बहुतेकांना काळजीही वाटत होती आणि सुमारे निम्मे तर सरकारी दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवलं होतं. थुंकी कुणी तपासली नव्हती. १९६३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरोघर रुग्ण शोधत फिरण्याआधी जे पायांनी चालत दवाखान्यात येतात त्यांची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली बघा, या विचारावर देशाचा क्षयरोग कार्यक्रम उभा राहिला तो या कामाच्या आधारे.

समुदायात होणारं आरोग्यवर्तनाचं आणि आरोग्य साक्षरतेचं संशोधन गेली सत्तर वर्षं या दोन प्रश्नांमध्ये हेलकावे खात आलं आहे. लोक सांगितलेलं ऐकत का नाहीत, हा एक. लोक आधीपासून काय करत आहेत आणि वाटेत काय आडवं येतं, हा दुसरा. पाठ्यपुस्तकं पहिल्या प्रश्नानं भरली आहेत. हाताला खरंखुरं जे लागलं ते बहुतांशी दुसऱ्यानं दिलं, असं माझं मत आहे आणि पुढचा आढावा त्याच मतानं रंगलेला आहे हे आधीच सांगून टाकतो.

पहिल्या प्रश्नाच्या मर्यादा काही आज कळलेल्या नाहीत. पेरू देशातल्या लॉस मोलिनोस या गावाची हकिगत १९५५ साली एडवर्ड वेलिन यांनी लिहिली. गावात दोनशे कुटुंबं. पाणी उकळून प्यावं हे पटवायला आरोग्य खात्याची एक कार्यकर्ती दोन वर्षं घरोघर फिरली. काही घरी तर तिनं पंधरा-पंधरा, पंचवीस-पंचवीस खेपा घातल्या. दोन वर्षांत अकरा बायका नव्यानं पाणी उकळायला लागल्या. बाकीच्यांना सांगितलेलं समजलं नव्हतं असं अजिबात नाही. सरपण महाग होतं, चुलीवर भांडं चढवायला दिवसातली ठरावीकच वेळ मोकळी मिळायची आणि गावाच्या समजुतीप्रमाणे उकळलेलं पाणी हे आजाऱ्याचं पाणी. धडधाकट माणसानं ते प्यायचं म्हणजे आपण आजारी आहोत असं चारचौघांत कबूल करणं. ज्या बायका तयार झाल्या त्यांच्यातली एक आधीच आजारी गणली जात होती, एक बाहेरगावाहून आलेली होती. नव्या कल्पना समाजात कशा पसरतात याच्या अभ्यासकांनी ही कथा पुढे इतकी वापरली की ती गुळगुळीत झाली, पण तिच्यातली सरपणाची बाब सांगताना बहुतेकांच्या तोंडून गळते.

आपल्याकडे याच काळात ‘केएपी’ पाहण्यांचं पीक आलं. ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण. कुटुंबनियोजनाच्या पाहण्यांतून ही पद्धत रुळली आणि मग तिनं सगळं व्यापलं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागानं दत्तक घेतलेल्या गावात इंटर्न मुलं छापील प्रश्नावली घेऊन जातात. जेवणापूर्वी साबणानं हात धुता का? धुतो. लोहाच्या गोळ्या घेता का? घेतो. मग ज्ञानाचा आकडा एवढा, आचरणाचा त्याहून कमी, आणि शेवटी ‘जनजागृतीची गरज आहे’ हे वाक्य. या वाक्यासाठी पाहणी करायची गरज नव्हती, ते आधीच टाइप करून ठेवता आलं असतं. विचारणाऱ्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप असला की उत्तरं कशी बदलतात हे माहीत असूनही हा उद्योग चालू आहे.

उत्तरं सोडा, नुसतं बघायला बसलं तरी वागणं बदलतं. बांगलादेशातल्या एका अभ्यासात साबणाच्या वडीत हालचाल टिपणारा छोटा यंत्रभाग बसवून त्या वड्या घरोघर दिल्या. निरीक्षक घरात बसलेला असतानाच्या तासांत साबणाची हालचाल ३५ टक्क्यांनी वाढली. पंजाबातल्या खन्ना प्रकल्पाची गोष्ट याहून जुनी आणि जास्त झोंबणारी. १९५०च्या दशकात हार्वर्डच्या लोकांनी लुधियाना जिल्ह्यातल्या गावांत गर्भनिरोधक गोळ्या वाटल्या. गावकऱ्यांनी त्या घेतल्या, वहीत ‘स्वीकार’ नोंदला गेला. जन्मदर हलला नाही. पुढे महमूद ममदानी तिथे गेले तेव्हा लोकांनी सांगितलं की आलेल्या पाहुण्याचं मन कशाला मोडायचं म्हणून घेतल्या. एकानं तर त्या डब्या रचून शोभेची वस्तू केली होती. शेतीला हात हवेत, म्हातारपणी मुलगा हवा, हा त्यांचा हिशेब प्रश्नावलीत कुठे बसतच नव्हता.

तंबाखूच्या बाबतीत तर ज्ञानाचा मुद्दा जवळपास संपलेला आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत ९५ टक्क्यांहून अधिक प्रौढांनी सांगितलं की तंबाखू खाल्ल्यानं गंभीर आजार होतो. त्याच पाहणीत २८.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. महाराष्ट्रात ओढण्यापेक्षा खाण्या-चघळण्याचा वाटा कितीतरी मोठा. सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं सांगणाऱ्या बाईला किंवा खर्रा तोंडात ठेवल्याशिवाय दुपार निभत नाही असं सांगणाऱ्या मजुराला कर्करोगाचा फोटो दाखवून नवं काही कळत नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या जिल्ह्यांत छत्तीस हजार तंबाखू वापरणाऱ्यांसोबत काम केलं. चित्रपट, भित्तिपत्रकं, आणि मुख्य म्हणजे एकेकाच्या तोंडाची तपासणी करताना त्याच्याशी बोलणं. वर्षानुवर्षं तेच लोक, तेच कार्यकर्ते. तंबाखू सोडणारे आणि कमी करणारे वाढले, तोंडातले पांढरे चट्टे कमी झाले. यातलं ‘वर्षानुवर्षं’ हे पुढच्या कार्यक्रमांच्या अंदाजपत्रकात मावलं नाही.

आरोग्य साक्षरता हा या क्षेत्रातला त्यामानानं अलीकडचा प्रवाह. इथे आधी मोजमापं आली, संकल्पना मागून. १९९०च्या दशकात अमेरिकेत ‘रेल्म’ नावाची चाचणी निघाली. ६६ वैद्यकीय शब्द मोठ्यानं वाचायचे, दोन-तीन मिनिटांचं काम. जेवढे नीट उच्चारले तेवढे गुण. इंग्रजीत हे चालून जातं, कारण तिथे स्पेलिंगवरून उच्चार कळत नाही, शब्द माहीत असावा लागतो. मराठीत मात्र अक्षरओळख झालेली चौथीतली पोर ‘उच्च रक्तदाब’ आणि ‘मूत्रपिंड’ खणखणीत वाचून दाखवेल, अर्थाचा गंध नसताना. स्पॅनिश भाषेतही हीच अडचण आली आणि तिथे वेगळी चाचणी बनवावी लागली. त्यामुळे असल्या चाचण्यांचं नुसतं भाषांतर करून निघालेले आकडे वाचताना मी जरा जपूनच असतो.

वाचणं आणि करणं यांतलं अंतर दाखवणारा सगळ्यात नेमका प्रयोगही अमेरिकेतलाच, २००६ सालचा. औषधाच्या बाटलीवरची ‘दोन गोळ्या दिवसातून दोनदा’ ही सूचना कमी वाचता येणाऱ्या रुग्णांपैकी ७१ टक्क्यांनी बरोबर वाचली. मग त्यांना सांगितलं, दिवसभरात किती गोळ्या घ्याल त्या मोजून दाखवा. बरोबर दाखवणारे निघाले ३५ टक्के. सूचना ‘सकाळी दोन, संध्याकाळी दोन’ अशी लिहिली असती तर? ही तर कंपनीनं आणि डॉक्टरनं करायची गोष्ट. आपल्याकडे गोळ्यांच्या पट्टीवर कामाचं जवळजवळ सगळं इंग्रजीत, बारीक, चमकत्या कागदावर, आणि शेवटच्या दोन गोळ्या कापून दिल्या की नाव एकीकडे आणि मुदतीची तारीख दुसऱ्याच तुकड्यावर. त्या पट्टीसमोर ज्याला काही कळत नाही त्याला निरक्षर म्हणायचं, हा न्याय विचित्र आहे.

ऑस्ट्रेलियातले डॉन नटबीम यांनी २००० साली आरोग्य साक्षरतेच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिलीवर माणूस वाचून समजून घेतो. दुसरीवर तो विचारतो, बोलतो, मिळालेली माहिती आपल्या परिस्थितीला लावून बघतो. तिसरीवर तो आपल्या आरोग्याला जे बाहेरून घडवतं त्याच्याबद्दल, म्हणजे पाण्याबद्दल, रोजगाराबद्दल, दवाखान्याच्या कारभाराबद्दल, इतरांना सोबत घेऊन प्रश्न उपस्थित करतो. २०११च्या युरोपीय पाहणीनं आठ देशांत ४७ प्रश्न विचारून जवळपास निम्म्या लोकांची आरोग्य साक्षरता तोकडी ठरवली. एवढ्या शिकल्या-सवरलेल्या समाजांत निम्मे लोक नापास होत असतील तर पेपर काढणाऱ्याकडेही बघायला हवं, हा विचार त्यानंतर जोर धरू लागला. तरी बहुतेक संशोधन अजून पहिल्या पायरीवरच घुटमळतं. ती मोजायला सोपी आहे, एवढंच त्याचं कारण.

तिसरी पायरी बाजूला ठेवू, दुसरीवरचं काम खूप समृद्ध आहे आणि त्यातलं बरंच आपल्या भोवती झालेलं आहे.

बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेनं १९८० ते १९९० या दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरांतल्या बायकांना मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवलं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या बायकांचा पगार काही दिवसांनी दुसरा कुणी जाऊन घेतलेल्या परीक्षेवर ठरायचा: शिकलेल्या आईला किती मुद्दे आठवतात आणि तिनं केलेल्या पाण्यात मीठ योग्य प्रमाणात आहे का. इतकं करूनही सुरुवातीला जुलाब झालेल्या फारच थोड्या मुलांना हे पाणी मिळत होतं. शोध घेतल्यावर कळलं की शिकवणाऱ्यांचाच त्याच्यावर विश्वास नव्हता, स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घ्यायच्या. शिवाय घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग कार्यकर्त्यांना प्रयोगशाळेत नेऊन विज्ञान समजावलं, बाजारात आणि मशिदीत पुरुषांशी बोलणं सुरू केलं. वापर वाढत गेला. आपल्या आशाताईला मोबदला मिळतो तो भेटीचा, नोंदीचा, दवाखान्यात पोहोचवलेल्या बाळंतिणीचा. आईच्या लक्षात काय राहिलं याचा रकाना तिच्या वहीत नाही, आणि बोलत बसण्याचे पैसेही नाहीत.

बोलत बसण्यानं काय होतं याचा सगळ्यात भक्कम पुरावा झारखंड-ओडिशातून आला. एकजुट या संस्थेनं पश्चिम सिंहभूम, सरायकेला-खरसावां आणि केओन्झर या जिल्ह्यांतल्या आदिवासीबहुल गावांत बायकांचे गट चालवले. महिन्याला एक बैठक, स्थानिक बाई ती चालवणार, चित्रांची कार्डं, गोष्टी, खेळ. कुठलं दुखणं महत्त्वाचं हे गटानं ठरवायचं, उपाय गटानं काढायचा, करून बघून पुन्हा बोलायचं. २००५ ते २००८ या काळातल्या या चाचणीचे निकाल २०१०च्या ‘लॅन्सेट’मध्ये आले: दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षात नवजात बालकांचे मृत्यू ४५ टक्क्यांनी कमी. दवाखान्यात जाणं फारसं वाढलेलं नव्हतं. बदललं होतं ते घरातलं: नाळ कशानं कापायची, बाळाला गुंडाळायचं कधी, फक्त अंगावर पाजायचं. तिसऱ्या वर्षी बायकांतलं मध्यम स्वरूपाचं नैराश्यही ५७ टक्क्यांनी घटलं होतं, ज्याच्यासाठी कुणी वेगळं काही केलंच नव्हतं.

हीच पद्धत मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ‘स्नेहा’ संस्थेनं ४८ वस्त्या घेऊन राबवली. निम्म्या वस्त्यांत गट, निम्म्यांत नाही. तीन वर्षांनी बालमृत्यू काही घटलेले दिसले नाहीत. संस्थेनं हे लपवलं नाही, २०१२ साली जसंच्या तसं छापलं, याबद्दल तिला मानायला हवं. शहरात बहुतेक बाळंतपणं आधीच दवाखान्यात होतात, माणसं वस्ती बदलतात, बाईला महिन्याची बैठक परवडत नाही. घरातल्या सवयीवर मरणारी बाळं उरलेली नसतील तर सवयीवरचं औषध लागू पडणार कसं? २०१३ साली सात चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा नवजात मृत्यूंत एकंदर २३ टक्के घट दिसली, आणि जिथे निदान ३० टक्के गरोदर बायका गटात येत होत्या तिथे ३३ टक्के. एकजुटच्या गटांत हे प्रमाण पहिल्या वर्षी १८ टक्के होतं, तिसऱ्या वर्षी ५५. सुरुवातीच्या रिकाम्या सतरंज्या सहन करायची तयारी ज्या प्रकल्पात नसते तो पहिल्याच वर्षी ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा मारून मोकळा होतो.

महाराष्ट्राचं या संशोधनातलं देणं लहान नाही. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७०पासून गावातल्या, अनेकदा दलित आणि निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. २०१०च्या एका तुलनात्मक अभ्यासात आसपासच्या गावांपेक्षा या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी आढळला. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं ३९ गावांत आरोग्यदूत बायकांच्या हाती नवजात बाळांची काळजी दिली. नवजात मृत्युदर हजारी ६२ होता, १९९८पर्यंत २५.५वर आला, तुलनेच्या गावांत तो साठच्या आसपासच राहिला. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते ‘सर्च’चं आधीचं, १९८९ सालचं काम. दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, कुणाला तक्रार असो वा नसो. ९२ टक्क्यांना स्त्रीरोग सापडले. आधी कधी तशी तपासणी झालेल्या बायका ८ टक्केसुद्धा नव्हत्या. त्या काळी स्त्रियांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी एवढंच सरकारी खात्याला दिसायचं. ‘या बायका बोलत नाहीत’ असं म्हणणाऱ्यांनी त्यांना विचारलंच नव्हतं.

गोव्यात हळदोण्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी पुढे जवळपास अडीच हजार बायकांचा अभ्यास केला. अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार अनेकींची होती. तिचा संबंध जंतुसंसर्गाशी फारसा जुळला नाही, तो जुळला नैराश्य, दगदग आणि घरातल्या छळाशी. म्हणजे सरकारी नियमाप्रमाणे तक्रार ऐकली की प्रतिजैविकांचा डोस द्यायचा, तर चुकीच्या बाईला चुकीचं औषध जात होतं. गडचिरोलीत तक्रार न करणाऱ्यांमध्ये आजार निघाला, गोव्यात तक्रारीमागे वेगळाच आजार निघाला. दोन्ही ठिकाणी संशोधकांनी बाईचं ऐकलं आणि तपासलंही. नुसतं एक करून भागलं नसतं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पानं याच धड्यावरून मानसिक आजारांचं काम केलं. गावातल्याच कार्यकर्त्यांनी रोगांची जड नावं टाळून ताण, झोप, कर्ज, भांडण यांबद्दल बोलायला सुरुवात केली, जोडीला समुपदेशक आणि डॉक्टर उभे केले. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

आता उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव. शेजारच्या बार्शीला १९८७पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी आहे. नोंदणीसाठी गावोगाव फिरणारे कार्यकर्ते लोकांशी लक्षणांबद्दल बोलत गेले आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या बायका आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या, तपासणीचा कुठलाही कार्यक्रम नसताना. याच अनुभवावर पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायकांची मोठी चाचणी झाली. एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीच्या गटात या कर्करोगानं ३४ मृत्यू झाले, तुलनेच्या गटात ६४. तुलनेच्या गटाला तपासणी दिली नाही यावरून नंतर नैतिकतेचा वाद पेटला आणि तो पेटायलाच हवा होता. आपल्या विषयाच्या दृष्टीनं नोंद घ्यायची ती वेगळ्याच आकड्याची: बोलावलेल्या बायकांपैकी पाचांतल्या जवळपास चौघी तपासणीला आल्या. ग्रामीण मराठवाड्यात, अंतर्भागाच्या तपासणीला. मुंबईत टाटा रुग्णालयाच्या चाचणीत दहावी झालेल्या, महिनाभराचं प्रशिक्षण घेतलेल्या मुलींनी वस्त्यांत हेच काम केलं आणि या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आणि २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या १.९ टक्के. लाज, भीती, अज्ञान ही कारणं सांगणारे प्रबंध मी बरेच चाळले आहेत. लाज आणि भीती उस्मानाबादेतही होतीच की. तिथे घरी येऊन बोलावणारी ओळखीची बाई होती, तपासणारं कुणीतरी जागेवर होतं आणि दोष निघाला तर उपचाराची सोय होती.

त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत आकड्यांची आणखी एक जोडी आहे. दवाखान्यात होणारी बाळंतपणं ८८.६ टक्के, आणि जन्मल्यावर तासाभरात आईचं दूध मिळालेली बाळं ४१.८ टक्के. म्हणजे लाखो बाळं डॉक्टर-नर्सच्या देखत जन्मतात आणि तरी त्यांचा तो पहिला तास निघून जातो. इथे आईच्या साक्षरतेचं माप काढायला प्रश्नावली घेऊन जाणं मला तरी जमणार नाही.

उदयपूरच्या खेड्यांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ‘सेवा मंदिर’सोबत केलेला लसीकरणाचा प्रयोग बराच गाजला, पण अर्धाच. पूर्ण लसीकरण झालेली मुलं नेहमीच्या गावांत ६ टक्के. ठरल्या दिवशी नर्स नक्की येणार अशी शिबिरं भरवली तिथे १८. शिवाय दर खेपेला किलोभर डाळ आणि शेवटी ताटांचा संच दिला तिथे ३९. वर्तमानपत्रांनी डाळ उचलली. सहाचे अठरा नुसते नर्स आल्यानं झाले, हे मथळ्यात कुठे आलं नाही. शौचालयांचं उलट झालं. ओडिशातल्या शंभर गावांच्या चाचणीत शौचालयं असलेली घरं ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेली, जुलाब कमी झाले नाहीत. उत्तर भारतात शौचालय असूनही घरातलं कुणीतरी बाहेर जातं अशी घरं चाळीस टक्क्यांहून जास्त निघाली. डायन कॉफी आणि डीन स्पीअर्स यांनी याच्या मुळाशी असलेली जात दाखवली. खड्डा भरला तर उपसणार कोण, हा प्रश्न लोकांच्या मनात आधीपासून होता आणि त्याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं. अशा ठिकाणी कारण ‘माहितीचा अभाव’ या शीर्षकाखाली घालणं सोयीचं असतं.

हात धुण्याचा एक यशस्वी प्रयोग आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात झाला. ‘सुपरअम्मा’ मोहिमेत जंतूंचा उल्लेख जवळपास नव्हताच, किळस आणि मुलाला नीट वाढवण्याची हौस यांच्यावर भर होता. सहा महिन्यांनी साबणानं हात धुण्याचं प्रमाण ३७ टक्के, तुलनेच्या गावांत ६. चांगलंच यश, तरी तीनांतले जवळपास दोन प्रसंग साबणाविना गेले, हेही त्यातच आलं. मोबाइलवरून गरोदर बायकांना आठवड्याला संदेश ऐकवणाऱ्या ‘किलकारी’ची मध्य प्रदेशात चाचणी झाली तेव्हा स्तनपानात फरक पडला नाही, गर्भनिरोधकांचा वापर थोडा वाढला. एकतर्फी बोलण्याला मर्यादा असतात, आणि मोबाइल बऱ्याचदा नवऱ्याच्या खिशात असतो.

नटबीम यांच्या तिसऱ्या पायरीवर संशोधन विरळ आहे, अनुभव मात्र आहे. महाराष्ट्रात २००७पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत ‘साथी’ आणि इतर संस्थांनी सरकारसोबत लोकाधारित देखरेखीचं काम सुरू केलं. गावानं आपल्या उपकेंद्राला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला प्रगतिपुस्तक द्यायचं: औषधं होती का, डॉक्टर होते का, पैसे मागितले का. मग जनसुनवाई, अधिकाऱ्यांसमोर. कुठे कुलूपबंद उपकेंद्रं उघडली, कुठे बाहेरून औषध आणायला लावणं थांबलं. जी बाई कुठल्याही आरोग्य साक्षरता चाचणीत नापास झाली असती ती माईक हातात घेऊन विचारत होती की साठ्याच्या वहीत औषध आहे तर मला का मिळालं नाही. हे मोजणारी प्रमाणित चाचणी मला कुठे दिसलेली नाही. जनसुनवाया अनुदानाच्या चढ-उतारानुसार होतात, आणि संशोधक प्रकल्प संपला की निघून जातात.

सगळ्यात नवा दाखला २०२४चा, कर्नाटक आणि बिहारमधला. मुलाला जुलाब झाले तर ओआरएस द्यावं हे खासगी डॉक्टरांना माहीत असतं, तरी ते देत नाहीत. का? संशोधकांनी दोन हजारांहून अधिक डॉक्टर आणि वैद्यकी करणाऱ्यांकडे पालकांच्या वेषातली प्रशिक्षित माणसं पाठवली. औषधांचा तुटवडा हे कारण सुमारे ६ टक्के भरलं, जास्त नफ्याचं औषध विकण्याचा मोह ५ टक्के. सर्वांत मोठं कारण, ४२ टक्के, हे निघालं की पालकांना ओआरएस नको असतं, असं डॉक्टरांना वाटतं. पालकाच्या वेषातल्या माणसानं आपल्याला ओआरएस चालेल असं नुसतं सुचवलं, तर ते मिळण्याचं प्रमाण २७ टक्क्यांच्या फरकानं वाढलं.